एका आरोग्याधिकारिणीचे आत्मचरित्र

वैद्यकाचा धंदा करणाऱ्यांनी लिहिलेली आत्मचरित्रे वाचकांस प्रिय असतात, आणि त्याचे कारणही उघड आहे. रोगी मरणाच्या दारी पोचलेला असतो, घरची मंडळी हवालदिल झालेली असतात, आणि अशा वेळी डॉक्टर येऊन रोग्याला परत आणतो किंवा आणू शकत नाही. दोन्ही प्रकारे गोष्ट तयार होते. तीत संकट असते, नायक असतो आणि शेवटही असतो. परंतु ज्याने रोग बरा करण्याऐवजी तो होऊच नये म्हणून जन्मभर खटपट केली, त्याने आपले चरित्र लिहावयास घेतले म्हणजे त्याची मोठीच पंचाईत होते. त्याच्या यशाची खूण हीच की काही घडले नाही. जे मूल उन्हाळ्यात हगवणीने मरावयाचे ते मेले नाही. पण ते मरणार होते हे त्या मुलास ठाऊक नाही, त्याच्या आईस ठाऊक नाही, आणि खरे पाहता खुद्द डॉक्टरासही ठाऊक नाही. त्याला माहीत असते ते एवढेच की, गेल्या उन्हाळ्यात इतकी मुले गेली आणि यंदा त्याहून इतकी कमी गेली. आकड्यांच्या या वजाबाकीतून माणसांच्या कथा उभ्या करणे हे काम अवघड आहे. ज्यांना ते बऱ्याच अंशी साधले आहे अशा एका बाईंच्या पुस्तकाचा परामर्श आज आम्ही घेणार आहो.

पुस्तकाचे नाव ‘फायटिंग फॉर लाइफ’, लेखिका डॉ. सारा जोसेफाइन बेकर. न्यूयॉर्क येथे मॅकमिलन कंपनीने ते १९३९ साली प्रथम प्रसिद्ध केले, आणि २०१३ साली त्याच शहरातील दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने ते पुन्हा छापले. जुनी पुस्तके पुन्हा छापण्याचा उद्योग पुष्कळदा केवळ कौतुकापोटी होतो. या पुस्तकाच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. यात जे प्रश्न उभे केले आहेत ते अद्याप मिटलेले नाहीत. आणि त्यांपैकी सर्वांत बिकट प्रश्नाचे उत्तर लेखिकेलाही नीटसे सापडलेले नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे पुढे ओघाने येईलच.

बेकरबाईंचा जन्म १८७३ साली हडसन नदीच्या काठच्या पोकिप्सी या गावी, एका सुखवस्तू वकिलाच्या घरी झाला. आई सुशिक्षित, व्हासर कॉलेजात शिकलेली. तेव्हा मुलीनेही तेथेच जावयाचे हे ठरल्यासारखेच होते. बाई सोळा वर्षांच्या असताना घरावर घाला पडला. विषमज्वराने प्रथम धाकटा भाऊ गेला, आणि पाठोपाठ वडीलही गेले. नदीचे पाणी दूषित झालेले, आणि तेच पाणी गाव पीत असे. घरातील मिळकत आटली, कॉलेजाचा बेत मोडला, आणि या मुलीने आपण डॉक्टर व्हावयाचे असे जाहीर केले. नातलगांनी व घरच्या डॉक्टरांनी नाके मुरडली. तरी शेवटी आईने उरलेल्या पैशांतून तिला न्यूयॉर्कला पाठविले. एलिझाबेथ व एमिली ब्लॅकवेल या भगिनींनी स्त्रियांसाठी काढलेल्या वैद्यकीय विद्यालयातून त्या १८९८ साली पदवीधर झाल्या.

येथे वाचकांस आनंदीबाई जोशी यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. दहा दिवसांचे मूल हाती लागले नाही म्हणून वैद्यक शिकण्याचा निश्चय करणारी ती कल्याणची मुलगी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाली, म्हणजे बेकरबाईंच्या बारा वर्षे आधी. दोघींच्याही विद्येचा उगम घरातल्या मृत्यूत आहे. फरक आयुष्याने केला. एकीला परत आल्यावर काही महिन्यांचेच आयुष्य लाभले व १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास तिचा अंत झाला. दुसरीला बहात्तरीच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे १९४५ पर्यंत, जगता आले. आनंदीबाईंना तीस वर्षे नोकरी करावयास मिळती तर त्यांनी कोणते पुस्तक लिहिले असते, हा विचार हे आत्मचरित्र वाचताना आमच्या मनात वारंवार आला.

विद्यार्थिदशेतील एक प्रसंग बाईंनी मोठ्या खेळीमेळीने सांगितला आहे. सगळ्या विषयांत हुशार असलेल्या या विद्यार्थिनीला नापास होण्याचा योग एकाच विषयात आला, आणि तो विषय म्हणजे ‘निरोगी मूल’! रोगी मुलांविषयी शिकावयाचे सोडून धडधाकट पोराविषयी काय शिकावयाचे, असे वाटून त्यांनी ती व्याख्याने टाळली होती. नापास झाल्याचा संताप असा की, पुढच्या खेपेस तोच विषय त्यांनी मुळापासून घोटला. आणि मुलाला निरोगी ठेवणे हे रोगी मुलाला बरे करण्याहून निराळे शास्त्र आहे, ही गोष्ट त्यांच्या मनात कायमची ठसली. त्यांच्या सर्व कर्तृत्वाचे बीज या एका नापासात आहे.

स्वतंत्र धंद्यात पहिल्या वर्षी मिळकत झाली १८५ डॉलर. पोटाची निकड म्हणून १९०१ साली त्यांनी शहराच्या आरोग्यखात्याची परीक्षा दिली व वैद्यकीय निरीक्षकाची हलकीशी नोकरी पत्करली. उदात्त हेतूने आपण या क्षेत्रात आलो असा आव त्या कोठेही आणीत नाहीत, हे आम्हांस फार आवडले. १९०२ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक ‘हेल्स किचन’ या भागात झाली. नरकाचे स्वयंपाकघर हे नाव लोकांनी उगीच दिलेले नव्हते. अंधाऱ्या चाळी, एकेका खोलीत आठ-दहा माणसे, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि तशा उकाड्यात एकामागून एक जिना चढून आजारी तान्ही मुले शोधून काढावयाची. त्या उन्हाळ्यांत आठवड्यास पंधराशे मुले हगवणीने मरत असत, असा आकडा त्या देतात. आजारी मूल सापडल्यावर करावयाचे काय, याचे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते; कारण बहुधा ते सापडेपर्यंत फार उशीर झालेला असे. घराघरांतून आया मुलांचे मरण उन्हाळ्यासारखेच गृहीत धरून चालत. हे वर्णन वाचताना आमच्या आज्या-पणज्यांचे बोलणे आम्हांस आठवले. मुले किती, असे विचारले की त्या म्हणत, ‘अकरा झाली, चार जगली.’ झालेली आणि जगलेली यांचा हिशेब निरनिराळा ठेवावयाची ती सवय केवळ आपल्याच घरांतली नव्हती, हे या पुस्तकाने आम्हांस नव्याने दाखविले.

पुस्तकाचा गाभा म्हणजे १९०८ सालचा उन्हाळा. बाई तोपर्यंत आरोग्याधिकाऱ्यांच्या साहाय्यक झाल्या होत्या. शाळांना सुटी लागली म्हणजे शाळेच्या परिचारिका रिकाम्या असत. अशा तीस परिचारिका बाईंनी मागून घेतल्या, आणि इटालियन लोकांची दाट वस्ती असलेला एक भाग निवडला. जन्मनोंदणीच्या कचेरीतून रोज नव्या जन्मांची यादी आणवावयाची, आणि मूल आजारी पडण्याची वाट न पाहता लगेच परिचारिकेने त्या घरी जावयाचे. तिने सांगावयाचे तरी काय? अंगावरचे दूध पाजा, खिडकी उघडी ठेवा, रोज अंघोळ घाला, उन्हाळ्यात मुलाला कपड्यांत गुंडाळू नका. यात औषध नाही, यंत्र नाही, नवा शोध नाही. कोणतीही शहाणी आजी सांगेल तेवढेच. उन्हाळा संपल्यावर हिशेब केला तेव्हा त्या एका भागात मागील वर्षापेक्षा बाराशे मुले कमी दगावली होती. शहराच्या इतर भागांत तसा फरक पडलेला नव्हता. त्याच वर्षी बालारोग्याचे स्वतंत्र खाते निघाले, व बाई त्याच्या मुख्य झाल्या. सरकारी पैशाने चालणारे असे खाते त्यापूर्वी कोठे निघालेले नव्हते.

हा भाग बाईंनी थोडक्या पानांत, जवळजवळ कोरडेपणाने लिहिला आहे, आणि आमच्या मते तेच योग्य आहे. दुसऱ्या कोणी येथे टाहो फोडला असता. बाई आकडा सांगून पुढच्या कामास लागतात. ज्या कामात कोणाचाही जीव डोळ्यांदेखत वाचलेला नाही, त्याचे वर्णन अशाच भाषेत झाले पाहिजे. नाहीतर ते खोटे वाटते.

पुढील प्रकरणांत त्यांनी योजलेले एकेक उपाय येतात. ते वाचताना या बाईंच्या बुद्धीचा विशेष ध्यानात येतो. माणसे आपल्या सोयीप्रमाणे वागतील असे धरून त्या कधीच चालत नाहीत. माणसे वागतात तशी धरून त्या सोय करितात. नवजात मुलांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घातल्यास परम्याच्या संसर्गाने येणारे अंधत्व टळते, हे शास्त्रास माहीत होते. पण बाटलीतले औषध उघडे राहून आटे, तीव्र होई, आणि त्यानेच डोळ्यास इजा होई. बाईंनी मधमाशांच्या मेणाच्या इवल्याशा कुप्या करविल्या. एका कुपीत एका डोळ्यापुरते औषध. प्रश्न सुटला. आया दिवसभर कामास जातात आणि तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडते ती आठ-दहा वर्षांची बहीण. तिला शाळेत पाठवा म्हणून धाकदपटशा करण्यात अर्थ नाही, असे पाहून त्यांनी अशा मुलींचेच संघ काढले, त्यांना मूल कसे धुवावे व काय पाजावे हे शिकविले, आणि या ‘छोट्या आया’ घरोघर जाऊन मोठ्या बायकांना शहाणपण सांगू लागल्या.

सुइणींच्या बाबतीत तर त्यांचे धोरण मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. डॉक्टर मंडळींचा एकच घोष होता की, अडाणी सुइणी बंद करा. बाईंनी पाहिले की, परदेशांतून आलेल्या या बायका पुरुष डॉक्टराला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू देणार नाहीत. सुईण बंद केली तर शेजारीण येईल, आणि ती सुइणीहून अडाणी असेल. तेव्हा सुइणींना परवाने देऊन शिकविणे हाच मार्ग उरला. १९११ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात सुइणींची शाळा निघाली. शिकलेल्या सुइणीच्या हातची बाळंतपणे डॉक्टरांच्या हातच्यांपेक्षा वाईट होत नाहीत, हे बाईंनी आकड्यांनिशी मांडले. आपल्या धंद्यातील लोकांविरुद्ध असे उभे राहावयास धैर्य लागते.

त्याहूनही मनास चटका लावणारी गोष्ट अनाथ अर्भकांची आहे. इस्पितळातील स्वच्छ खोलीत, पांढऱ्या शुभ्र चादरीवर, शिस्तीने दूध मिळत असताना ही मुले कोमेजून मरत. बाईंनी ती उचलून गरीब वस्तीतल्या बायकांच्या हवाली केली आणि त्यांना थोडे पैसे बांधून दिले. खोली कोंदट, घरात चार पोरांचा कलकलाट. पण मुले जगू लागली. जन्मभर स्वच्छतेचा पुरस्कार करणाऱ्या डॉक्टरला हे मान्य करावे लागले की, निर्जंतुक खाटेपेक्षा मळक्या मांडीवर मूल अधिक सुखरूप असते. आपल्या शास्त्राला असे मुरड घालणारे अनुभव लपवून ठेवण्याचा मोह पुष्कळांस होतो. बाईंनी तो मोह होऊ दिला नाही.

पुरुषांच्या जगात काम करणाऱ्या स्त्रीचे अनुभव पुस्तकभर विखुरलेले आहेत, आणि ते सर्व हसत सांगितलेले आहेत. ताठ कॉलर, टाय आणि साधा कोट हा वेश त्यांनी मुद्दाम पत्करला. बरोबरच्या पुरुषांना आपण स्त्री आहो याचा विसर पडावा एवढाच हेतू. नव्या खात्यात नेमलेल्या सहा डॉक्टरांनी बाईच्या हाताखाली काम करणार नाही म्हणून राजीनामे दिले. महिनाभर राहून पाहा असे बाईंनी त्यांना विनविले, आणि महिन्यानंतर कोणी गेले नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने बालारोग्यावर व्याख्याने देण्यास त्यांना बोलाविले. बाई म्हणाल्या, मला या पदवीचा अभ्यास करू द्याल तर शिकवीन. विद्यापीठ स्त्रियांस प्रवेश देत नव्हते. म्हणजे ज्या वर्गात बाई शिकवावयास चालत होती त्या वर्गात ती शिकावयास चालत नव्हती! शोधूनही दुसरा अध्यापक मिळेना तेव्हा दार उघडले गेले. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांनी टवाळीच्या टाळ्या पिटल्या, आणि बाईही त्यांच्याबरोबर हसल्या. त्यांनी तेथे पंधरा वर्षे शिकविले. हे सर्व वाचून करमणूक होते खरी. परंतु हसण्यावारी नेता नेता त्यांनी किती गिळले असेल याचा अंदाज वाचकानेच करावयाचा आहे.

ब्रुकलिनच्या डॉक्टरांच्या अर्जाची हकीकतही वाचण्यासारखी आहे. मुले आजारी पडेनाशी झाल्यामुळे आमचा धंदा बुडत आहे, सबब हे खाते बंद करावे, असा अर्ज तीसांहून अधिक डॉक्टरांनी महापौरांकडे केला. खाते निघाल्यापासून झालेली ही पहिली खरी स्तुती, असे बाईंनी महापौरांस कळविले. विनोदाचा भाग सोडला तरी, प्रतिबंधक वैद्यकाला शत्रू कोण असतात हे इतक्या मोकळेपणाने सांगणारे दुसरे पान आमच्या वाचनात आलेले नाही.

येथवर आम्ही पुस्तकाचे गुणच सांगत आलो. आता दोषांकडे वळले पाहिजे. पहिला दोष लेखिकेच्या दृष्टीचा आहे. ज्या गरिबांसाठी त्यांनी जन्म वेचला त्यांच्याविषयी, विशेषतः आयरिश लोकांविषयी, आरंभीच्या प्रकरणांत त्यांनी काढलेले उद्गार कठोर आहेत. ही माणसे आळशी, घाणेरडी, कसलीही उमेद नसलेली अशी त्यांना दिसली. दहा तास मजुरी करून अंधाऱ्या खोलीत परतणाऱ्या माणसाला उमेद कोठून यावी, हा प्रश्न त्यांनी त्या ठिकाणी स्वतःस विचारलेला नाही. पुढे त्यांची नजर निवळते, हे कबूल केले पाहिजे; सुइणींची आणि अनाथ मुलांची प्रकरणे त्याची साक्ष आहेत. परंतु आपली आधीची दृष्टी चुकली होती असे त्या कोठेही स्पष्टपणे म्हणत नाहीत. चाळींची भाडी, मजुरीचे दर, मालकांची बेफिकिरी या गोष्टी पुस्तकात येतात त्या ओझरत्या. आईला शिकविले की मूल जगते, हे खरे. पण आईला पोटभर मिळाले आणि घरात वारा आला तरीही ते जगते, आणि तो भाग शिकवून होण्यासारखा नाही.

दुसरा दोष याहून मोठा आहे, आणि त्यातच पुस्तकातले खरे नाट्यही आहे. आम्ही मेरी मॅलनच्या प्रकरणाविषयी बोलत आहो. ही आयरिश स्वयंपाकीण जगात ‘टायफॉइड मेरी’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. ती ज्या घरी स्वयंपाकास राही तेथे विषमज्वर निघे. ती स्वतः मात्र ठणठणीत. जॉर्ज सोपर नावाच्या आरोग्य-अभियंत्याने हा माग काढला, आणि १९०७ च्या मार्चमध्ये तिच्या रक्ताचे व मलमूत्राचे नमुने आणण्याचे काम बेकरबाईंवर आले. मेरीने स्वयंपाकघरातला काटा उगारला. दुसऱ्या दिवशी बाई पोलिस घेऊन गेल्या. मेरी नाहीशी झालेली. तासन् तास शोधल्यावर जिन्याखालच्या कोठडीच्या दारात लुगड्याएवढेही नव्हे, निळ्या छिटाचे एक टोक तेवढे अडकलेले दिसले. तिला ओढून काढून गाडीत घातले, आणि इस्पितळापर्यंत बाई तिच्या अंगावर बसून राहिल्या. तपासणीत जंतू सापडले. नॉर्थ ब्रदर बेटावर तिला एकटीला ठेवण्यात आले. न्यायालयात तिने दाद मागितली, ती मिळाली नाही. १९१० साली स्वयंपाक करणार नाही या वचनावर ती सुटली. १९१५ साली नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली, आणि तेथेही साथ निघालेली होती. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत ती बेटावरच होती. दोन्ही मुदती मिळून सव्वीस वर्षे!

वाचकहो, सबंध पुस्तकात सर्वांत रंगतदार पाने हीच आहेत. बाईंचे नाव जेथे जेथे घेतले जाते तेथे बहुधा याच प्रसंगासाठी घेतले जाते. बाराशे वाचलेल्या मुलांची गोष्ट कोणी सांगत नाही. अंगावर बसलेल्या बाईंची गोष्ट सर्व सांगतात. आरंभी आम्ही जी पंचाईत म्हटली ती हीच. परंतु हे प्रकरण पुस्तकाच्या एकंदर शिकवणीच्या नेमके उलट जाते, हे लेखिकेच्या ध्यानात पुरतेपणी आलेले दिसत नाही. इतरत्र सर्व ठिकाणी त्या दार ठोठावून, जिभेवर साखर ठेवून, माणसाची सोय पाहून जिंकल्या. आणि येथे पोलिस आणून हरल्या. होय, हरल्याच, कारण मेरीला आपण रोग पसरवितो ही गोष्ट अखेरपर्यंत पटली नाही, आणि न पटलेली माणसे पुन्हा स्वयंपाकघरात जातात. एका निरक्षर इटालियन आईला समजावयास परिचारिका दहा खेपा घालते. मेरीला समजावयास किती खेपा घातल्या गेल्या? पोट भरण्याची एकच विद्या अवगत असलेल्या बाईला ती विद्या सोड म्हणून सांगताना दुसरा कोणता कायमचा आधार दिला गेला? न्यूयॉर्कात पुढे असे रोगवाहक शेकड्यांनी सापडले. त्यांना मेरीसारखा जन्मभराचा बंदिवास घडला नाही. बाईंना मेरीविषयी पुढे आदर व आपुलकी वाटू लागली असे त्या लिहितात, आणि ते आम्ही खरे मानतो. परंतु आदर वाटल्यावर जो प्रश्न विचारावयाचा तो त्यांनी विचारला नाही.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. प्रसूतिगृहात साथ निघून माणसे मेली, ती मेरीच्या हट्टामुळे. त्या मेलेल्यांच्या घरच्यांना मेरीच्या स्वातंत्र्याची कैफियत ऐकविणे सोपे नाही. सक्ती कधीच करू नये, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सक्ती ही समजुतीची सर्व साधने सरल्यावर करावयाची गोष्ट आहे. आणि ती केल्यावर ज्याच्यावर केली त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी करणाऱ्यावर येते.

मराठी वाचकांस हा प्रश्न परका नाही. १८९७ साली पुण्यास प्लेगची साथ आली तेव्हा रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघर शिरले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही, आणि संशयितांना धरून छावण्यांत नेले. साथ आवरण्याचा हेतू वाईट होता असे नाही. पण रोगापेक्षा रोगाचे सरकार लोकांना भयंकर वाटू लागले, घरातील आजारी माणसे लोक लपवू लागले, आणि अखेर २२ जून रोजी रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करिता करिता त्याच रोगाने वारल्या. आरोग्यखात्याचे दोन मार्ग एका शहरात एका वर्षात शेजारी शेजारी दिसावेत हा योग विलक्षण आहे. एक मार्ग घरात घुसतो. दुसरा रोग्याला खांद्यावर घेतो. त्या वर्षी झालेला साथरोगांचा कायदा २०२० सालच्या महामारीतही उपयोगात आला. तेव्हा हा वाद इतिहासजमा झाला आहे असे कोणी समजू नये.

पुस्तकाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सरस नाही. समित्या, परिषदा, राजकारणी पुरुषांच्या भेटी यांची गर्दी होते. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतील भाग वाचनीय आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, फ्रान्समधल्या खंदकांतील शिपायापेक्षा अमेरिकेत जन्मलेले तान्हे मूल अधिक धोक्यात आहे, असे सांगून त्यांनी देशाची झोप कशी उडविली, हेही चांगले रंगले आहे. परंतु स्वतःच्या मनाविषयी बाई फारच मिताक्षरी आहेत. त्यांनी लग्न केले नाही. त्यांच्या घरात कोण होते, संध्याकाळी दमून आल्यावर त्या कोणाशी बोलत, याचा पत्ता लागत नाही. जगभरच्या घरांत डोकावलेल्या या बाईंनी आपल्या घराचे दार मात्र लावून घेतले आहे. तो त्यांचा हक्क आहे, हे आम्ही जाणतो. तरी आत्मचरित्र म्हणून पुस्तक तेवढे उणे राहिले.

प्रत्येक संस्थानात बालारोग्याचे खाते निघाले म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. अमेरिकेच्या अठ्ठेचाळीसही संस्थानांत ते निघाल्यावर १९२३ साली त्यांनी खुर्ची सोडली. आपले काम कोठे संपते हे ठरवून ठेवणारे आणि मग खरोखर उठून जाणारे अधिकारी विरळाच!

हे पुस्तक आज का वाचावे, असे कोणी विचारील. आमच्याकडे याचे उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी त्या जिल्ह्यातील खेड्यांत गावच्याच बायकांना नवजात अर्भकांची काळजी घरच्या घरी घ्यावयास शिकविले. नव्वद वर्षांच्या अंतराने, न्यूयॉर्कच्या चाळींपासून हजारो कोस दूर, पुन्हा तेच: मूल आजारी पडण्याची वाट पाहावयाची नाही, मूल जन्मले त्या घरी जावयाचे. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, व तो वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज गावोगाव ‘आशा’ म्हणून काम करणारी जी बाई बाळंतिणीच्या दारी येते, तिच्या पावलांमागे अशा कामांची परंपरा आहे. ती दारी आली म्हणजे तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावणारी घरे सुशिक्षितांतही आहेत. त्या घरांतील मंडळींनी हे पुस्तक अवश्य वाचावे.

बेकरबाईंनी वाचविलेल्या मुलांपैकी एकालाही आपण कोणामुळे वाचलो हे कळले नाही. ती वाढली, त्यांनी संसार केले, आणि त्यांच्या नातवंडांना आज आपल्या आजोबांच्या तान्हेपणी दारावर कोण थाप देऊन गेले होते याची कल्पनाही नाही. कृतज्ञतेची अपेक्षा न धरता काम करावे, असे उपदेश पुष्कळ ऐकू येतात. येथे कृतज्ञता शक्यच नव्हती, तरी काम झाले. मेरीच्या प्रकरणात बाई कोठे कमी पडल्या ते आम्ही सांगितले, आणि ते सांगणे आमचे कर्तव्य होते. परंतु अकरांतली चार न जगता अकराही जगावीत, यासाठी जिने चढता चढता ज्यांची उमर गेली, त्या बाईंचे हे पुस्तक आपल्या घरातील ग्रंथांत असावे अशी शिफारस आम्ही मनःपूर्वक करितो.